काचेआडच्या बंदुका मोजा, आणि ती मापं सगळ्यांसाठी खुली करा

प्रति,
महाराष्ट्रातल्या शस्त्रसंग्रह असलेल्या सर्व संग्रहालयांचे संचालक आणि अभिरक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकतो. तुमच्या दालनांत आणि राखीव संग्रहांत ज्या तोड्याच्या (म्हणजे जळत्या दोरीने बार उडणाऱ्या), चकमकीच्या आणि ठासणीच्या बंदुका आहेत, त्यांची मापं घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा, आणि ते सगळं कुणालाही विनाशुल्क वापरता येईल असं खुलं करा. हे मी संशोधक म्हणून मागत नाही. मी व्हिडिओ गेमसाठी मॉड करतो, आणि माझ्यासारखी मुलंमुली या राज्यात बरीच आहेत.

मॉड म्हणजे काय हे तुमच्यापैकी काहींना सांगावं लागेल. एखाद्या कंपनीने विकलेल्या गेममध्ये खेळणाऱ्यांनीच स्वतःच्या हौसेने घातलेली भर म्हणजे मॉड. नवा नकाशा, नवे पोशाख, नवी शस्त्रं, कधी कधी पूर्ण नवी लढाई. बहुतेक कंपन्यांच्या अटींमुळे त्याचे पैसे घेता येत नाहीत, तो फुकट वाटला जातो. जगभर खेळला जाणारा काउंटर-स्ट्राइक १९९९ साली असाच हौशी पोरांचा मॉड म्हणून सुरू झाला. तेव्हा याला पोरखेळ म्हणून बाजूला सारू नका, एवढी विनंती.

आमचा छोटा गट मुंबईत ठिकठिकाणी विखुरलेला आहे. कुणी मुलुंडला, कुणी गिरगावात, कुणी नालासोपाऱ्याला. दिवसा बहुतेक जण जाहिराती आणि ॲनिमेशनच्या स्टुडिओत कामं करतो, रात्री १६७९ सालची खांदेरी उभी करतो. मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेलं ते बेट शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींच्या लोकांनी ताब्यात घेऊन तटबंदी सुरू केली, मुंबईच्या इंग्रजांनी गलबतं पाठवून ती रोखायचा प्रयत्न केला, आणि दौलतखानाच्या आरमाराने त्यांना पुरून उरून रसद पोचवली. महाराजांच्या हयातीतली ही लढाई मुंबईच्या इतकी जवळ झाली, तरी शहरातल्या निम्म्या मुलांना ती माहीत नाही. म्हणून आम्ही ती निवडली. बेट झालं, भरतीओहोटी झाली, गलबतं झाली. अडलं ते बंदुकीपाशी.

या कामात सगळ्यात सोपी वाट कोणती, ते तुम्हाला कळायला हवं. कुठल्याही मॉडेलच्या बाजारात ब्रिटिश ब्राऊन बेस तयार मिळते. ती घ्यायची, लाकूड जरा काळं करायचं, नळी ताणून लांब करायची, दस्त्यावर चार पितळी फुलं चिकटवायची आणि मावळ्याच्या हातात द्यायची. असे मॉड मी पाहिले आहेत, लोक ते आनंदाने खेळतात. पण ब्राऊन बेस १८व्या शतकातली. तिचा पहिला ठरीव नमुना १७२०च्या दशकातला. १६७९ साली ती इंग्रज शिपायाच्या हातीसुद्धा नव्हती, मग आपल्या माणसाच्या हाती कुठून येणार? शिवाय ती चकमकीची बंदूक. तिचा घोडा जोरात आपटतो, ठिणगी पडते आणि बार होतो. आपली तोड्याची बंदूक पूर्ण वेगळ्या जातीची.

ती कशी चालते हे मला आवडीने सांगायचं आहे, कारण आमच्या मागणीचं मूळ तिथेच आहे. जळता तोडा धरणारा घोडा दस्त्याच्या पोटातल्या खाचेत बसवलेला असतो. चाप दाबला की तो हळूहळू पुढे, नळीकडे झुकतो आणि रंजकेत, म्हणजे बार पेटवणाऱ्या बारीक दारूत, निखारा टेकवतो. हाताने जितकं दाबाल तितकाच तो सरकतो. झटका नाही. म्हणजे नेमबाजाला चाप आणि बार यांच्यामधली वाटचाल बोटाला जाणवते, आणि शेवटच्या क्षणी हात मागे घेताही येतो. हे गेममध्ये उतरवायचं तर माउसचं बटण दाबताच गोळी सुटून चालत नाही. बटण दाबून धरावं लागतं. आमच्या गटातल्या एका मुलीने हे पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा सगळ्यांच्या खेळण्याची पद्धतच बदलली. लोक थांबायला लागले. नेम धरायला लागले.

मग भरणं. दस्ता जमिनीवर टेकवायचा, शिंगड्यातून दारू नळीत ओतायची, चिंधीसकट गोळी सोडायची, गजाने ठासायची, गज परत जागेवर. मग कान्याशी, म्हणजे नळीच्या बाजूच्या छिद्राशी, बारीक रंजक घालायची आणि झाकण लावायचं. या सगळ्या वेळात पेटलेला तोडा दारूपासून लांब, दुसऱ्या हातात सांभाळायचा. मग तो घोड्यात अडकवायचा, लांबी जमवायची, फुंकर घालून राख झाडायची, झाकण उघडायचं, नेम. यातली एक पायरी चुकली तर बार होत नाही, दुसरी चुकली तर स्वतःचा हात जातो. रात्री तर तोड्याचा निखारा शत्रूला लांबून दिसतो. पावसात तोडा विझतो, रंजक भिजते. मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघन करून का निघत, याची वैरण, नद्यांचं पाणी, पिकं अशी अनेक कारणं शाळेत सांगतात. या बंदुकीचा बार पावसात फुकट घालवून पाहिला की त्यात आणखी एक कारण आपोआप कळतं. आमच्या मॉडमध्ये सरी येतात, आणि खेळणारा शिव्या घालत तलवार काढतो. खांदेरीचा झगडा ऑगस्टमध्येच सुरू झाला होता हे लक्षात घेतलं तर ते दृश्य मुद्दाम घुसवलेलं नाही.

यातली प्रत्येक हालचाल मापावर उभी आहे. गज किती लांब? तो नळीखाली कुठवर जातो? भरताना नळीचं तोंड माणसाच्या छातीशी येतं की डोक्याच्या वर? दस्ता सरळ, पंचकोनी छेदाचा आहे की वाकडा? तो खांद्याला टेकतो की गालाशी धरावा लागतो? तोल कुठे आहे, म्हणजे डावा हात नळीखाली नेमका कुठे येईल? काचेपलीकडे आडव्या टांगलेल्या बंदुकीकडे कितीही वेळ पाहिलं तरी याची उत्तरं मिळत नाहीत, कारण तिची एकच बाजू दिसते. ही बंदूक अनेक ठिकाणी कान्याची बाजू भिंतीकडे करून लावलेली असते. नक्षी पुढे, यंत्र मागे.

नळीच्या आतल्या व्यासाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. १५ मिलिमीटर व्यासाची शिशाची गोळी साधारण २० ग्रॅमची भरते. १८ मिलिमीटरची साधारण ३५ ग्रॅमची. तीन मिलिमीटरचा फरक, आणि वजन पाऊणपट जास्त. म्हणजे दारू जास्त, धक्का जास्त, धूर जास्त, कमरेच्या पिशवीत मावणाऱ्या गोळ्या कमी. एका शिपायाकडे किती बार होते, यावर लढाई किती वेळ चालली हे ठरतं. हा एक आकडा तुमच्याकडे साध्या कॅलिपरने पाच मिनिटांत मिळतो. तो कुठल्याही पाटीवर नसतो. पाटीवर असतं: ‘बंदूक, लोखंड व लाकूड, १८वे शतक’.

शतकाबद्दलही बोलायला हवं. हिंदुस्थानात तोड्याची बंदूक तीनेक शतकं फारशी न बदलता वापरात राहिली. जुनी चांगली नळी नव्या दस्त्यावर बसवायची, कातडी पट्ट्यांनी किंवा तारेने बांधायची, असं सर्रास चाले. त्यामुळे नुसतं बघून ‘ही शिवकालीन’ असं ठामपणे म्हणणं अवघड असतं, हे आम्हालाही मान्य आहे. आम्हाला खोटी खात्री नको. ‘नळी बहुधा जुनी, दस्ता नंतरचा, काळ अनिश्चित’ असं लिहिलेलं मिळालं तर मॉडच्या वर्णनात आम्ही तसंच लिहू. एखाद्या बंदुकीला थोर माणसाचं नाव पुराव्याशिवाय चिकटवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

आता जंग्या, म्हणजे तटातली बंदुका रोखायची भोकं. गेल्या वर्षी, ११ जुलै २०२५ रोजी, मराठा लष्करी स्थापत्य म्हणून १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यात खांदेरी आहे, रायगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग आहेत. आम्ही फटाके वाजवले नाहीत, पण त्या रात्री कुणी झोपलं नाही. त्या तटांमधल्या जंग्या खाली उतरत्या कोनात का कापल्या आहेत, हे मार्गदर्शक छान समजावतात. पण त्या भोकातून बाहेर येणारी नळी किती लांब होती, तटाची जाडी ओलांडून तिचं तोंड बाहेर निघत होतं का, धूर आत कोंडत होता का, पायथ्याशी आलेला माणूस नेमका कुठल्या टप्प्यावर दिसेनासा होत होता, हे बंदूक आणि जंगी एकत्र ठेवल्याशिवाय कळत नाही. किल्ला एका खात्याकडे, बंदूक दुसऱ्या संस्थेकडे. दोन्ही एकाच जागी आणायची सोय आज फक्त संगणकाच्या पडद्यावर आहे. हे काम एखाद्या विद्यापीठाने करायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. जरूर करावं. तोवर आम्ही करतो आहोत.

तुम्ही विचाराल, संग्रहालयाकडेच का मागता? गावोगावच्या वाड्यांत शोधा. शोधलं. १८५७ नंतर इंग्रजांनी हत्यारं काढून घेतली, आणि १८७८च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा झाला. घराघरातल्या तोड्याच्या बंदुका तेव्हा जमा झाल्या, मोडल्या, वितळल्या, नाहीतर कुणा साहेबाच्या पेटीतून विलायतेला गेल्या. खंडेनवमीला आपल्याकडे पूजेत तलवार असते, कट्यार असते, दांडपट्टा असतो, बंदूक क्वचित. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक अजून काही घरांत आहे, निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते. तिच्याकडून आम्ही ठासायची रीत शिकलो. वानरांना हुसकावणाऱ्या एका आजोबांनी गज कसा धरायचा, तोंड चुकूनही नळीसमोर का आणायचं नाही, हे जितकं नीट दाखवलं तितकं कुठल्याही पुस्तकात नाही. पण ती केपेवर, म्हणजे घोडा आपटताच पेटणाऱ्या छोट्या टोपीवर चालणारी, १९व्या शतकातल्या पद्धतीची बंदूक. तोडा तिला नाही. तोड्याची बंदूक बघायची तर तुमच्याच दारात यावं लागतं.

आणि दारात आलो तेव्हा काय झालं, तेही लिहितो. नाव घेत नाही, कारण हा प्रश्न एका संस्थेचा नाही. अर्ज केला, मापं मागितली. उत्तर आलं की विद्यापीठाचं पत्र आणा. आमच्यातली एक जण इतिहासात एमए करते, तिने विभागाचं पत्र आणलं. मग विचारलं, प्रबंधाचा विषय काय? तिने खरं सांगितलं, गेम. त्यानंतर उत्तर आलं नाही. त्या खुर्चीवरच्या माणसाचा मला राग नाही. ‘गेम’ आणि ‘बंदूक’ हे दोन शब्द एकाच अर्जात आले तर कुणीही सावध होईल. पण त्या नकाराचा परिणाम बघा: मावळ्याच्या हातातली आमची सध्याची बंदूक न्यूयॉर्कच्या मापांवर बनली आहे. मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ साली पावणेचार लाखांहून अधिक छायाचित्रं कुणालाही, कशासाठीही वापरायला खुली केली. त्यांच्या हिंदुस्थानी बंदुकांच्या नोंदीत एकूण लांबी, नळीचा व्यास, वजन, सगळं सापडतं. स्मिथसोनियनने २०२०मध्ये तेच केलं, थ्रीडी मॉडेलसकट. इंग्लंडमध्ये लीड्सच्या रॉयल आर्मरीजमधले बंदुकांचे अभिरक्षक जोनाथन फर्ग्युसन तर गेममधल्या बंदुका पडद्यावर पाहून, कुठे बरोबर आणि कुठे चूक हे जाहीरपणे समजावतात, आणि पोरं तासन्‌तास ऐकतात. ज्यांनी इथल्या बंदुका नेल्या त्यांच्याकडून त्यांची मापं मिळतात, आणि बोरीबंदरपासून चालत जाण्याच्या अंतरावरून मिळत नाहीत. हे मला लागतं.

सुरक्षेची शंका रास्त आहे, तिचं सरळ उत्तर देतो. गेममधलं मॉडेल म्हणजे नुसता पृष्ठभाग. त्याला जाडी नसते, धातू नसतो, नळीला तोंडापासून थोडं आत गेलं की भोकही नसतं, कारण कॅमेऱ्याला दिसत नाही ते आम्ही बनवतच नाही. त्यावरून काही छापून बार उडवता येणार नाही. तोड्याच्या बंदुकीची रचना चारशे वर्षं जगजाहीर आहे, तिच्यात लपवण्याजोगं काही उरलेलं नाही. नळीचा व्यास आणि लांबी कळली म्हणून कुणाचं हत्यार तयार होत नाही.

दुसरी शंका जास्त खोल आहे: मुलांच्या हाती बंदूक देऊन तुम्ही काय शिकवता? ही बंदूक माणूस मारायला बनवली होती. ते आम्ही झाकत नाही. शिशाची जाड, मऊ गोळी हाडात शिरली की हाड फुटतं. त्या काळी बहुतेकदा पाय किंवा हात जात असे. पण धडाधड गोळ्या सुटणारे गेम मुलं आजही खेळतातच, आणि त्यांत मरणाला काही वजन नसतं. एक बार करायला अर्धं मिनिट घाम गाळावा लागतो, तो हुकतो, समोर धूर भरतो आणि पुढचा बार भरेपर्यंत समोरचा तुमच्या अंगावर येतो, असा गेम खेळलेला मुलगा ‘ठो ठो करत गड जिंकला’ असं म्हणत नाही. मावळ्यांच्या हिंमतीबद्दल भाषणं त्याने भरपूर ऐकलेली असतात. विझत्या तोड्याला फुंकर घालत तटावर उभं राहणं म्हणजे काय, हे त्याला इथे कळतं. दोन्ही बाजूंनी उभं राहून कळतं, कारण आमच्या मॉडमध्ये इंग्रजांच्या गलबतावरूनही खेळता येतं, आणि तिथेही माणसं घाबरतात.

आम्हाला नेमकं काय हवं आहे ते सांगतो. प्रत्येक बंदुकीची एकूण लांबी, नळीची लांबी, तोंडाशी आतला आणि बाहेरचा व्यास, वजन, तोलबिंदू. डावी, उजवी, वरची, खालची बाजू, मोजपट्टी शेजारी ठेवून. घोडा, चाप आणि कान्याचा जवळून फोटो. नोंद क्रमांक. एवढं झालं तरी पुष्कळ. थ्रीडी स्कॅन करायची इच्छा असेल तर साधा कॅमेरा पुरतो: चकाकणाऱ्या नळीमुळे गोंधळ होऊ नये म्हणून दिव्यांवर आणि लेन्सवर पोलराइझिंग फिल्टर, बंदुकीभोवती टप्प्याटप्प्याने काढलेले शे-दीडशे फोटो, बाकी काम संगणक करतो. सामान आमचं, वेळ आमचा. वस्तूला हात तुमच्याच प्रशिक्षित माणसांनी, हातमोजे घालून लावावा; आम्ही लांब उभे राहू. तयार झालेलं सगळं आधी तुमच्या ताब्यात, मग जगासाठी. मॉडमध्ये प्रत्येक बंदुकीखाली संग्रहालयाचं नाव आणि नोंद क्रमांक येईल, म्हणजे नाशिकच्या मुलाला ती खरी कुठे ठेवली आहे हे कळेल आणि तो बघायला येईल.

मुंबईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या राज्य पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाने याचा एक सारखा नियम केला तर सातारा, कोल्हापूर, नागपूर इथल्या संग्रहांसाठी वेगवेगळे अर्ज करत फिरावं लागणार नाही. खासगी विश्वस्त संस्थांना तो बंधनकारक नसेल, पण एकाने सुरुवात केली की दुसऱ्याला कारण सापडतं. आमच्यामागे आणखी गट आहेत. एकाला पानिपत करायचं आहे, आणि इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींच्या चकमकीच्या बंदुका हव्या आहेत. दुसऱ्याला महादजी शिंद्यांची, डी बॉइन्य या युरोपीय सेनानीच्या कवायती शिकवणीतली फौज उभी करायची आहे. त्यांना तोड्याची नव्हे, वेगळी मापं लागतील. जेजाला, कडाबिनी, उंटावरच्या शुतरनाळा अशा इतर जातींच्या बंदुकांना तर अजून कुणी हातच लावलेला नाही.

पहिल्या टप्प्याला एकच बंदूक द्या. दालनातली देखणी नको. राखीव संग्रहातली, दस्ता तडकलेली, नक्षी नसलेली, साध्या शिपायाने वापरलेली चालेल. खांदेरीवर तीच होती. सुटीच्या दिवशी बोलवा, सकाळी आठला हजर राहू. आणि नकार द्यायचा असेल तर तोही लेखी द्या, कारणासकट, म्हणजे त्या कारणावर काम करता येईल.

आपला नम्र,
खांदेरीच्या मॉडवर काम करणाऱ्या गटातला एक जण
मुलुंड, मुंबई